कापणाऱ्याची रेघ

मंडळी, आमच्या शहापुरातल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानाबद्दल मी पूर्वी दोन-तीनदा लिहिलंय. आजची गोष्टही त्याच दुकानाची, फक्त ती सुरू होते शिकागोजवळ, आमच्या भाच्याच्या गॅरेजमध्ये. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आक्काचा मुलगा तिकडं नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी एक बोलिंगचा हॉल बंद झाला, तिथलं सामान विकायला निघालं, त्यात यानं एक जुनं व्हिडिओ गेमचं लाकडी कपाट उचललं. नाणं टाकून उभ्यानं खेळायचं ते. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर सगळं काळं कुळकुळीत. आक्का म्हणाली, हे काय शवपेटी आणलीस की काय. त्यावर त्याचा मला फोन : "मामा, मागच्या पाटीवर मिडवे कंपनीचं नाव आहे. या काळ्याच्या खाली पॅकमॅन असणार."

मिडवे ही शिकागोच्याच परिसरातली कंपनी. जपानच्या नाम्कोनं १९८० साली काढलेला पॅकमॅन अमेरिकेत तिनं परवान्यानं बनवला आणि तो इतका चालला की कपाटांची संख्या लाखाच्या घरात गेली. पण १९८२ नंतर त्या धंद्याला उतरती कळा लागली. मग मशीनवाल्यांनी काय केलं, तर कपाटं टाकून दिली नाहीत. आतला सर्किट बोर्ड बदलायचा, वरची दिव्याची पाटी बदलायची, बाजूच्या चित्रांवर काळा रंग फासायचा, की झाला नवा गेम. आपल्याकडं जुन्या फळ्यावर नवं दुकान रंगवतात, तसलाच प्रकार. त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे निन्टेन्डो. रडार स्कोप नावाचा त्यांचा गेम अमेरिकेत पडला, तेव्हा न खपलेल्या सुमारे दोन हजार कपाटांत १९८१ साली डाँकी काँग बसवला. म्हणून पहिली डाँकी काँगची कपाटं लाल आणि नंतरची निळी.

भाच्यानं पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं तळहाताएवढा तुकडा घासला. खालून पिवळा रंग आला, आणि पिवळ्यावर एक काळी रेघ. मग त्याचा दुसरा फोन : "मामा, तुम्ही रोज कोरल ड्रॉवर बसता. हे चित्र तेवढं रेखून द्या की. मी स्टेन्सिल कापून परत रंगवतो."

मी हो म्हटलं. तासाभराचं काम वाटलं होतं. झाले पाच महिने.

आता आधी हे सांगायला हवं की बेळगावात वाढलेल्या माझा त्या कपाटाशी काय संबंध. संबंध थोडाच, पण आहे. १९८७ च्या सुमारास खडेबाजारातल्या एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर सुरू झालं. दोन मशीन, एक रुपयाचं टोकन. कपाट इथल्याच सुताराकडून केलेलं, वर तपकिरी सनमायका, चित्र म्हणून एकही नाही. शाळा सुटल्यावर आम्ही तिथं जायचो. खेळायला कमी, बघायला जास्त. त्यामुळं अमेरिकेत या कपाटांच्या अंगावर एवढी चित्रं असायची, हे मला पन्नाशीत कळलं.

आणि ती उगाच शोभेसाठी नव्हती. पॅकमॅनचा पडदा म्हणजे २२४ बाय २८८ ठिपके. एवढ्यात पॅकमॅन म्हणजे एक पिवळा गोल, त्याची एक फोड काढलेली, बस्स. डोळा नाही, पाय नाही. पण कपाटावर त्याला डोळे आहेत, पाय आहेत, तो पळतोय. १९७८ चा स्पेस इनव्हेडर्स तर मूळ काळापांढरा. काचेवर रंगीत पट्ट्या चिकटवून रंग आणलेला, आणि उभ्या कपाटात मागं छापलेला चंद्राचा देखावा आरशातून पडद्यावर दिसायचा. पडद्यावरचे परग्रहवासी म्हणजे चार ठिपके, तर मिडवेच्या कपाटावर मात्र अंगभर केस असलेले राक्षस. पडद्याला जे जमत नव्हतं ते कपाट सांगायचं, बाकीचं पोरं मनात भरून घ्यायची. नाटकाच्या बोर्डावर जसा अख्खा प्रसंग रंगवलेला असायचा आणि आत रंगमंचावर एक खुर्ची, तसं.

ती चित्रं तीन पद्धतींनी कपाटावर यायची. एक, स्टेन्सिल लावून फवाऱ्यानं रंग मारणं : मिडवेचा पॅकमॅन तसा, विल्यम्स कंपनीचा डिफेंडरही तसाच. दुसरी, स्टिकरवर स्क्रीन प्रिंटिंग करून ते बाजूला चिकटवणं. तिसरी, वरची दिव्याची पाटी आणि बटणांखालचा पत्रा : पारदर्शक प्लास्टिकवर उलट्या बाजूनं छपाई, म्हणजे बोटांनी घासून रंग जात नाही.

ही तिसरी पद्धत वाचली आणि मी उठून अण्णांच्या खोलीत गेलो.

अण्णा म्हणजे आमचे वडील. १९७४ ते २००९ दुकान चालवलं. लग्नपत्रिका, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, पिशव्या हे सगळं होतंच, पण पोट भरायचं ते उद्यमबागेच्या कामावर. तिथल्या कारखान्यांच्या मशीनवर ज्या पाट्या लागायच्या, कुठलं बटण चालू, कुठलं बंद, तेल कुठं घालायचं, त्या ॲल्युमिनियमच्या पाट्या अण्णा छापायचे. पुढं पारदर्शक शीट आल्या तेव्हा उलटी छपाई. आधी काळी अक्षरं, मग रंग, सगळ्यात शेवटी पांढरा. सरळ छपाईच्या बरोबर उलटा क्रम. डोकं फिरतं त्यात, पण अण्णांचं कधी फिरलं नाही. आज ते ८४ चे आहेत. कानाला कमी येतं, डोळ्याला चष्म्यानं चालतं.

भाच्याचे फोटो त्यांना टॅबवर मोठे करून दाखवले. त्यांनी ते बोटानं सरकवून दोन-तीनदा बघितले आणि म्हणाले, "हे छापलेलं न्हवं. फवारा मारलाय. कड बघ, धूळ बसल्यागत मऊ हाय." मी विचारलं, अण्णा, पॅकमॅन माहीत आहे का. म्हणाले, "त्ये काय मला ठाऊक नाही. स्टेन्सिल ठाऊक हाय."

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. फोटो सरळ केला, सॉफ्टवेअरचं बटण दाबलं, रेघा आपोआप आल्या. दिसायला झकास. एका बुटाला तीनशेच्यावर बिंदू पडले होते, पण म्हटलं पडू देत, दिसतंय की बरोबर. मोठा प्रिंट काढून अण्णांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय करूलास? ही रेघ न्हवं, मुंग्यांची रांग हाय."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी तीस वर्षं डीटीपी करून शिकलो नव्हतो. स्टेन्सिल कापणारा माणूस चित्र काढत नसतो, सुरी ओढत असतो. सुरी एका जागी टेकते, एका दमात ओढली जाते, वळणाला मनगट फिरतं, दम संपला की थांबते. रेघेत तीन-चारच जागा खऱ्या असतात, जिथं सुरी टेकली, वळली किंवा उचलली. त्या सापडल्या की मधली रेघ आपोआप येते. "माझ्या लाल फिल्मवर मी तसंच कापायचो," म्हणाले.

लाल फिल्म ही आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट. पारदर्शक प्लास्टिकवर लाल थर. सुरीनं फक्त वरचा थर कापायचा आणि नको तेवढा सोलून काढायचा. लालच का, तर स्क्रीनवर लावायच्या फोटो इमल्शनला लाल म्हणजे काळ्यासारखाच, प्रकाश आरपार जात नाही, पण माणसाच्या डोळ्याला त्यातून खालचं चित्र दिसतं. परदेशात ही रुबीलिथ या नावानं ओळखली जायची. गंमत म्हणजे १९७१ चा इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसरही आधी याच फिल्मवर, शेकडो पट मोठा करून, हातानं कापला होता. म्हणजे व्हिडिओ गेमच्या डोक्यातली चिप आणि शहापुरातली वर्गणीची पावती, दोन्हींच्या मुळाशी एकच लाल फिल्म आणि एक सुरी. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "असंल. सुरी चांगली लागती त्याला."

आता कॉम्प्युटरवरचं वेक्टर चित्र म्हणजे तरी काय? त्यात ठिपके नसतात, सूचना असतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, जाताना इकडं झुकून जा. म्हणून ते टिकलीएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, कड फाटत नाही. १९७९ चा ॲस्टरॉइड्स हा गेम पडद्यावरही असाच चालायचा, ठिपके न भरता किरण सरळ रेघा ओढायचा. वक्र रेघांचं गणित मात्र मोटारींच्या कारखान्यांतून आलं. १९५९ च्या सुमारास सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलझो यांनी ते मांडलं आणि ६० च्या दशकात रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी. मोटारीच्या पत्र्याचा बाक कारागिराच्या हातातून कागदावर नेमका उतरवता यावा म्हणून. सित्रोएननं आपलं काम गुप्त ठेवलं, म्हणून रेघेला नाव पडलं बेझिएंचं. पुढं १९८७ च्या इलस्ट्रेटरमध्ये आणि नंतर आमच्या कोरलमध्ये तीच रेघ आली.

मी तो बूट पुसला आणि हातानं परत काढला. सुरी कुठं वळली असेल ते बघत. अकरा बिंदूंत बसला.

पण खरी अडचण पुढं होती. भाच्याच्या कपाटाची डावी बाजू घासताना निम्मी गेली होती. उजवी बरी, पण खालचा भाग ओलीनं फुगलेला. मग त्यानं तिकडच्या दोन संग्राहकांना विचारलं. भले लोक. आपापल्या कपाटांवर पारदर्शक प्लास्टिक ताणून, मार्करनं रेघा गिरवून, गुंडाळी करून पाठवली. कपाट साधारण पावणेसहा फूट उंच, त्यामुळं फोटोपेक्षा हे खात्रीचं. फोटोत कडा तिरक्या होतात. अशी तीन कपाटांची तीन चित्रं माझ्यापुढं आली, एकाच गेमची, एकाच कंपनीची. एकावर एक ठेवली तर जुळेनात.

एकात काळी रेघ रंगापासून दोन सूत सरकलेली. दुसऱ्यात उलट्या बाजूला सरकलेली. तिसऱ्यात फवारा कडेच्या आत शिरलेला. मी म्हटलं, आता खरं कुठलं धरायचं? भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही मस्तपैकी सगळं परफेक्ट करून टाका. कॉम्प्युटर आहे ना." त्याचंही चूक नव्हतं. गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर चित्र छान दिसावं एवढीच त्याची अपेक्षा.

मी अण्णांकडं गेलो. तिन्ही ट्रेसिंग जमिनीवर पसरली. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, काठीनं दाखवत बराच वेळ बघत राहिले.

"हे बघ. मारणाऱ्याची चूक वेगळी, कापणाऱ्याची वेगळी. फवारा मारणारा दिवसाला किती कपाटं मारत असंल, कधी स्टेन्सिल हलली, कधी बंदूक जवळ गेली. ती चूक त्या एका कपाटाची. तिन्हीत वेगळी दिसतीया की नाही? ती सोड. पण कापणाऱ्यानं जी वाकडी रेघ काढली ती तिन्हीत एकाच जागी वाकडी दिसंल. ती त्याची हाय. तिला हात लावायचा नाही."

मंडळी, हे ऐकून मी जरा वेळ गप्प बसलो. कारण विद्वान लोक पोथ्यांचं हेच करतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली, ती अशीच, अनेक हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून, नकलकारांच्या चुका वेगळ्या काढून. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तीही पाठ ताडूनच. आमचे अण्णा सातवी शिकलेले. त्यांनी हे वाचलेलं नाही. पस्तीस वर्षं स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या चुका निस्तरून त्यांना ते आलं होतं.

त्याच नियमानं चित्र केलं. बाहेरची काळी रेघ सगळीकडं सारखी जाड नव्हती, कुठं फुगायची, कुठं बारीक व्हायची, आणि तिन्ही ट्रेसिंगमध्ये तशीच. ठेवली. रंगांच्या थरांत काळ्याखाली थोडा रंग दडलेला ठेवला, म्हणजे स्टेन्सिल केसभर सरकली तरी मध्ये फट पडत नाही. आमच्याकडं याला ओव्हरलॅप म्हणतात. पिवळा कुठला धरायचा यावर पुन्हा वाद झाला, कारण बाजूचा पिवळा उन्हानं आणि सिगारेटच्या धुरानं मातकट झालेला. कपाटाच्या कडेला प्लास्टिकची पट्टी ठोकलेली असते. भाच्यानं ती उपटली तर तिच्याखाली चाळीस वर्षं उजेड न बघितलेला पिवळा निघाला, हळदीसारखा. तो धरला.

अण्णांनी एक अट घातली. कपाटाच्या आतल्या बाजूला, दार उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, चित्र परत कधी रंगवलं ते साल लिहायचं. "उद्या कुणी जुनं म्हणून विकायला नको." भाच्यानं लिहिलं. पॅकमॅनवर हक्क आजही त्याच्या कंपनीचाच आहे, तेव्हा ही फाइल आम्ही कुणाला विकली नाही की वाटली नाही. ज्या दोघांनी ट्रेसिंग पाठवली त्यांना तेवढी दिली.

कपाट आता पिवळं झालंय. आक्का व्हिडिओ कॉलवर म्हणाली, शवपेटीचा देव्हारा केलास की रे.

इथवर सगळं छान. आता जे सांगायचं होतं ते.

काम संपल्यावर मी अण्णांना सहज म्हणालो, अण्णा, तुमच्या त्या लाल फिल्म असत्या तर त्याही अशाच करून ठेवल्या असत्या. अण्णा काही बोलले नाहीत. नंतर माझ्या लक्षात आलं. त्या फिल्म नाहीत, कारण त्या मीच दिल्या. २००९ साली दुकान रिकामं करताना दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या, पस्तीस वर्षांच्या फिल्म आणि पॉझिटिव्ह, प्रत्येकावर पेन्सिलनं कारखान्याचं नाव. फ्लेक्सचा जमाना आलेला, भाड्याची जागा सोडायची घाई. मी भंगारवाल्याला बोलावलं. ट्रंकांचे पैसे दिले त्यानं, फिल्मचे नाहीत. अण्णा दारात उभे होते, काही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "सुऱ्या तरी ठेवल्यास?" सुऱ्या ठेवल्या होत्या.

सात समुद्रांपलीकडच्या नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाची वाकडी रेघ वाचवायला मी पाच महिने घातले, आणि घरातल्या माणसाची रेघ एका दुपारी घालवली. त्या अमेरिकन कपाटांपैकी बहुतेकांवर चित्रकाराची सही नाही. अण्णांच्या पाट्यांवर तरी कुठं होती? कारखान्याचं नाव मोठं, छापणाऱ्याचं कुठंच नाही.

मग मी शोधायला लागलो. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये, भिंतीला टेकून ठेवलेल्या बंद मशीनवर एक पाटी सापडली. चालू, बंद, तेल. मालकांनी स्क्रू काढून हातात दिली. रविवारी तालुक्यातल्या एका पिठाच्या गिरणीत दुसरी मिळाली, पिठानं भरलेली. वहिनींनी पदरानं पुसून दिली. दोन्ही स्कॅन केल्या, एकावर एक ठेवल्या. 'चालू' मधल्या 'ल' ची मधली गाठ दोन्हींत जराशी उजवीकडं कलंडलेली. अण्णांना दाखवलं तर चिडले. "त्ये तसंच राहिलं व्हय? तवाच दुरुस्त करायला पायजे हुतं." आता दुरुस्त करून दे म्हणतात. मी करत नाही. आमचा रोज वाद चाललाय.

तर मंडळी, विनंती अशी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागात तुमच्या घरी, गिरणीत, गुऱ्हाळात, जुन्या वर्कशॉपात ॲल्युमिनियमची छापील पाटी असेल, मराठी अक्षरांची, तर पुसून फेकू नका. घासणी लावू नका, ओल्या फडक्यानं फक्त धूळ काढा. पाटीच्या बरोबर समोरून, फ्लॅश न लावता, सावलीत फोटो घ्या आणि शेजारी शाळेची पट्टी ठेवा, म्हणजे माप कळतं. जमलं तर पातळ प्लास्टिक ठेवून रेघा गिरवा. आणि नुसती आमचीच नव्हे. इंदूर, बडोद्याकडं, हैदराबादला तुमच्या आजोबांनी रंगवलेली दुकानाची पाटी असेल, प्रेसचा ब्लॉक असेल, त्याचंही हेच करा. एकच प्रत असेल तर कापणाऱ्याची रेघ कुठली आणि मारणाऱ्याची कुठली ते कळत नाही. दोन हव्यात. तीन असतील तर फारच छान.

आमच्याकडं दोन झाल्यात. 'तेल' मधला 'ते' एका पाटीवर झिजलाय, दुसरीवर गंज चढलाय. तो नीट बघायला तिसरी पाटी पाहिजे. अण्णांना आठवतंय त्याप्रमाणं त्या पाट्या १९८१ ते ८३ च्या दरम्यानच्या, निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं, चार कोपऱ्यांना चार भोकं. कुणाकडं दिसली तर सांगा. मी येऊन बघून जाईन, न्यायची गरज नाही.